परकी ताटली

'नॉन-रिस्पॉन्डर' हा शब्द आमच्या विभागात चहा मागवावा तितक्या सहज वापरतात. ज्या रुग्णाच्या रक्तातल्या पेशींनी कर्करोगाच्या गाठीला काहीच प्रतिसाद दिला नाही, तो नॉन-रिस्पॉन्डर. एकदा तो शिक्का बसला की अहवालाचं पान उलटतं आणि माणूस निकालात निघतो. हा शब्द मीही कितीदा तरी लिहिला आहे. पण एका बाईच्या बाबतीत तो लिहायला मी साफ नकार दिला आणि त्यावरून बरंच वाजलं. ती हकीकत सांगायची आहे, आणि ती सांगताना मी फार गोड बोलेन अशी अपेक्षा कुणी ठेवू नये.

मी मूळची कराडकडची. नवरा रेल्वेत इंजिनिअर, त्याच्या बदलीच्या मागे लखनौला आले आणि इथेच एका छोट्या प्रयोगशाळेत लागले. घर जानकीपुरममध्ये. घरात मी मराठी बोलते, नवरा अर्धी मराठी अर्धी रेल्वेची हिंदी बोलतो, आणि मुलगी सगळं समजून घेऊन हिंदीतच उत्तर देते. इतकी वर्षं झाली तरी या शहराची एक गोष्ट मला जमलेली नाही, ती म्हणजे इथला नकार. आमच्याकडे 'नाही' म्हणजे नाही, तोंडावर. इथे तो खवा भरून, वर्ख लावून मिळतो, आणि घरी जाऊन उघडल्यावर कळतं की आपल्याला हाकललंय.

आमचे विभागप्रमुख या कलेतले उस्ताद. माणूस हुशार, वागायला सभ्य, आवाज कधी चढायचा नाही. एखादं काम बंद पाडायचं असलं की आधी तुमच्या तब्येतीची चौकशी करायचे. त्यांनी माझी तब्येत विचारली की माझा रक्तदाब वाढायचा.

आमचं काम काय ते सोपं करून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी, आत काय शिजतंय त्याचा नमुना बाहेर मांडून ठेवते. आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे, पृष्ठभागावरच्या छोट्या ताटल्यांत वाढलेले. रक्तातल्या टी-पेशी गस्त घालत येतात आणि ताटलीत डोकावतात. घरचं दिसलं की पुढे जातात, परकं दिसलं की हल्ला करतात. कर्करोगाच्या पेशीत काही जनुकं बिघडलेली असतात, काही झोपून राहायला हवी होती ती जागी झालेली असतात, आणि त्यांचे तुकडे ताटलीत येऊन पडतात. टी-पेशींनी ते ओळखले तर नेमक्या कोणत्या जनुकाचा तुकडा ओळखला, ते शोधून काढणं हे माझं काम.

ते शोधायची पद्धत म्हणजे चिकाटीची परीक्षा आहे. रुग्णाच्या गाठीत जी जी जनुकं जागी आहेत त्या सगळ्यांच्या प्रती काढायच्या. त्या थोड्या थोड्या करून दुसऱ्याच, सहज वाढणाऱ्या पेशींमध्ये घालायच्या. सोबत ताटलीचं जनुकही घालायचं, कारण ताटली नसेल तर वाढणार कशात? मग त्यांच्यावर रुग्णाच्या टी-पेशी सोडायच्या. त्यांनी काही ओळखलं तर त्या एक द्रव्य सोडतात, आणि शेवटच्या चाचणीत ते द्रव्य असलं की तिथलं पाणी पिवळं होतं. नसलं तर पाणी ते पाणीच. मग पुढचा गठ्ठा, परत तेच. या कामात माणसं लवकर म्हातारी होतात.

ती बाई लखनौजवळच्या मलिहाबादची. आमराईवाल्यांच्या घरातली, पन्नाशीच्या आसपासची. मी तिला शहरातल्या एका इस्पितळात भेटले, कारण नमुने आणायला मी स्वतःच जात असे. ड्रायव्हरवर सोपवलं की बर्फाची पेटी उन्हात ठेवून तो पान खायला जातो, हा माझा अनुभव. तिथल्या सर्जन बाई माझ्या कामाला मदत करत. चटपटीत बाई, बोलताना दुसऱ्याचं वाक्य स्वतःच पुरं करायच्या. त्यांनी आदल्या आठवड्यात या बाईच्या टाचेवरची गाठ काढली होती. त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग. गोऱ्या लोकांत तो उन्हात भाजलेल्या पाठीवर, खांद्यावर येतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा तळपायाला येतो, जिथे कुणी बघत नाही.

त्यातून मलिहाबाद. आंबा उतरवताना देठातून चीक उडतो, तिकडे त्याला चेप म्हणतात. कातडीवर पडला की भाजतं आणि काळा डाग राहतो. दशहरीच्या हंगामात त्या गावात ज्याच्या हातापायाला काळे डाग नाहीत तो पाहुणा समजावा. अशा गावात टाचेवर एक काळा डाग उगवला, वाढला, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. डागच तो, चेपाचा असणार. ही चूक त्याच गावात होऊ शकते, आणि तिथे ती अगदी शहाण्या माणसाच्या हातून होऊ शकते.

पण तिच्या नवऱ्याचं म्हणणं तसं नव्हतं. रक्त घेण्यापूर्वी मी बाईंना सगळं समजावून सांगत होते, की यातून तुमचा इलाज होणार नाही, हे संशोधन आहे, नको असेल तर नाही म्हणा. तर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बाईंऐवजी तेच देत होते. उंचपुरा, पांढऱ्या दाढीचा, कडक इस्त्रीचा कुर्ता घातलेला माणूस. मध्येच मला सांगू लागले की सगळं घर तिच्या या हलगर्जीपणाने हैराण झालंय. पायाला इतका मोठा फोड होईपर्यंत हिला कळलं नाही. आपल्याच पायाला काय झालंय ते ज्या बाईला ओळखता येत नाही तिला काय म्हणायचं? जावा, नणंदा, सगळ्यांचं हेच म्हणणं. बाई खाली मान घालून पदराचं टोक सारखं करत होत्या.

ते औषधं आणायला खाली गेले तेव्हा बाईंनी मान वर केली. डोळे चांगले तीक्ष्ण होते. सर्जन बाईही तिथेच उभ्या होत्या. बाई मला म्हणाल्या, "घर में सब यही कहते हैं कि हमने पहचाना नहीं। आप बस इतना बता दीजिएगा, हमारे खून ने पहचाना कि नहीं।"

मला आजवर रुग्णांनी पुष्कळ प्रश्न विचारले आहेत. बरी होईन का, किती दिवस, मुलांना होईल का. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आणि गंमत अशी की एवढाच एक प्रश्न होता ज्याचं उत्तर देणं माझ्या कामात बसत होतं. मी सांगेन म्हटलं. सर्जन बाईंनी डोळे मोठे केले, कारण असा शब्द द्यायचा नसतो. पण देऊन झाला होता.

सुरुवात झकास झाली. तिच्या गाठीच्या पेशी बाटलीत वाढल्या. तिच्याच टी-पेशी त्यांच्यावर सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी पाणी पिवळंधमक. तिच्याच रक्तातल्या निरोगी पेशींवर सोडल्या तर काही नाही. म्हणजे टी-पेशी उगाच दिसेल त्याला चावत नव्हत्या, गाठीलाच ओळखत होत्या. मी त्या दिवशी घरी जाताना आलूबुखारे घेऊन गेले आणि कारण विचारलं तर सांगितलं नाही. पण एका प्रयोगावर रुग्णाला जाऊन काही सांगता येत नाही, तो परत परत यावा लागतो. आणि तिच्या गाठीच्या पेशी हळूहळू मरू लागल्या. बाटलीत सगळ्या गाठी टिकत नाहीत, ही टिकली नाही. प्रयोग पुन्हा करायला गाठच उरली नाही. सुदैवाने तिच्या जनुकांच्या प्रती आम्ही आधीच काढून ठेवल्या होत्या, आणि टी-पेशी वाढत होत्या.

मग गठ्ठ्यामागून गठ्ठा. सगळं पाणी. थंडी आली, धुकं आलं, संक्रांतीला मी केलेले तिळाचे लाडू विभागात सगळ्यांनी दाताने फोडून खाल्ले, तरी पाणी ते पाणीच. होळीपर्यंत माझी तिच्या जनुकांची सगळी पोतडी उपसून झाली होती आणि एकही थेंब पिवळा झाला नव्हता.

विभागप्रमुखांनी बोलावलं. आधी विचारलं, तब्येत कशी आहे. मी मनात म्हटलं, आलं. मग त्यांनी माझ्या मेहनतीचं इतकं कौतुक केलं की मला खुर्चीत अवघडल्यासारखं झालं. आणि मग हळूच म्हणाले की वार्षिक अहवाल जायचाय, या रुग्णाला नॉन-रिस्पॉन्डरमध्ये टाकून देऊ, द्रव-नायट्रोजनच्या टाकीत नव्या प्रकल्पाला जागा हवीय, तिचे नमुने काढून टाकू. टी-पेशींना रोज रोज खाऊ घालायचा त्रासही वाचेल. मी म्हटलं, पण तिच्या टी-पेशींनी गाठीला ओळखलं होतं. ते म्हणाले, एकदाच. जुन्या बाटलीतल्या पेशी कधी कधी भलतंच काही करतात. एकदाचा निकाल हा निकाल नसतो. त्यांचं चुकत नव्हतं, हेच तर दुखणं होतं.

"आप तो दिल से लगा बैठीं," ते हसून म्हणाले.

मला या वाक्याची चीड आहे. बाईने काही धरून ठेवलं की ती मनाला लावून घेते, पुरुषाने धरून ठेवलं की तो खंबीर असतो. मी म्हटलं, "दिल की बात नहीं है, सर। एक बार पीला आया था। वह पीला मैं कहाँ रखूँ?"

मी सांगितलं की अहवालात तिच्यापुढे मी काहीही लिहिणार नाही, लिहायचं तर तुम्ही लिहा, आणि सहीही तुमचीच करा. लखनौमध्ये असं बोलत नाहीत. त्यांचा चेहरा पडला, पण आवाज तरीही तोच राहिला. म्हणाले, ठीक है, हंगाम संपेपर्यंत बघू. कोणता हंगाम ते सांगितलं नाही, मी आंब्याचा धरला.

त्यानंतर काही दिवस मी नुसती चिडलेली होते. कुणावर ते नक्की नव्हतं, त्यामुळे घरच्यांवर. नवरा जेवणाच्या टेबलावरून लवकर उठायला लागला. पण राग मला कामाला लावतो, रडणं नाही. मी एक दिवस बसले आणि या प्रयोगात कोण कोण आहे ते स्वतःला विचारत गेले. टी-पेशी कुणाच्या? तिच्या. गाठीची जनुकं कुणाची? तिची. ज्या पेशींमध्ये ती घातली त्या परक्या, पण त्या नुसत्या स्वयंपाकघरासारख्या, त्यांचा दोष नाही. मग ताटली? ताटली आमची नव्हती. तिचीही नव्हती. ताटलीचं जनुक परदेशातल्या एका प्रयोगशाळेने सगळ्या जगाला वाटलेलं होतं, आमच्या फ्रीजरमध्ये ते पहिल्यापासून होतं, आणि आम्ही सगळ्यांसाठी तेच वापरत होतो.

हे कसं झालं तेही सांगते, कारण ही चूक फक्त आमच्यासारखे लोकच करू शकतात. ताटल्यांचे प्रकार माणसागणिक वेगळे असतात. तिचा प्रकार आम्ही तपासला होता, ढोबळ. तो आला 'ए-टू'. परदेशातली ताटली पण ए-टू. झालं की, जुळलं. खरं तर ए-टूच्या आत पोटजाती आहेत. गोऱ्या लोकांत बहुतेक एकच सापडते, आपल्याकडे तिच्या चुलत बहिणीही भरपूर सापडतात. हे जगाला माहीत होतं आणि आम्हालाही माहीत होतं. मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. पण परदेशी ताटली वापरली की शोधनिबंध पाठवताना कुणी प्रश्न विचारत नाही. आपली वापरली की तीन परीक्षक तीन पानी खुलासा मागतात. त्या खुलाशाच्या भीतीने आम्ही सगळे, मलिहाबादच्या बाईलाही, परक्या ताटलीत वाढत होतो. आणि तिने तोंड लावलं नाही की तिलाच नॉन-रिस्पॉन्डर म्हणत होतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि त्याहून जास्त संताप आला.

ही शंका घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. शक्यता आहे म्हणाले, पण नवीन काम सुरू करायचं तर प्रस्ताव लागेल, समितीपुढे जाईल, आणि तोवर टाकी रिकामी करावीच लागेल. शिवाय मे महिन्यात मला दुसऱ्या प्रकल्पाचं काम दिलेलं होतं, त्यात हे बसणार नव्हतं. सगळं अगदी मखमली आवाजात. मी बाहेर आले आणि रजेचा अर्ज टाकला. रजा माझ्या हक्काची होती, रजेत माणसाने काय करावं यावर कुणाचा अंकुश नव्हता.

सकाळी डबा भरून मी निघाले तेव्हा मुलीने विचारलं, "मम्मी, छुट्टी लेके ऑफिस कौन जाता है यार?" मी म्हटलं, तुझी आई जाते. नवऱ्याने पेपरमागून फक्त एवढंच सांगितलं की डब्यात लोणचं आहे, सांडू नकोस. विरोध केला नाही याबद्दल मी त्याला अजून मानते.

तो लखनौचा मे महिना होता. सकाळी दहालाच रिक्षाच्या सीटवर हात ठेववत नव्हता, दुपारी लू सुटली की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. प्रयोगशाळेत वातानुकूलन होतं, त्यामुळे शहरातल्या शहाण्या माणसाने रजा तिथेच घालवावी. विभागप्रमुख मला बघायचे, आदाब करायचे, आणि न बघितल्यासारखे पुढे जायचे. टाकी साफ करायचा निरोप देऊन झाला होता, पण तो अमलात आणायला ते कुणाला ढकलत नव्हते, हेही मला दिसत होतं. मी तिच्या टी-पेशींना खाऊ घालत राहिले. जिवंत गोष्टीला समितीची बैठक होईपर्यंत थांब असं सांगता येत नाही.

तिच्या रक्ताच्या गोठवलेल्या पेशींमधून मी तिच्या ताटलीचं जनुक काढलं आणि वाचलं. परदेशी ताटलीहून ते अगदी थोडं वेगळं होतं, एक-दोन अक्षरांचा फरक. पण तो फरक नेमका तिथे, जिथे तुकडा ताटलीत बसतो. एका ताटलीला काठ आहे आणि दुसरीला तिथे खळगा आहे, एवढंच. मी तिची ताटली घेतली आणि सगळी पोतडी पुन्हा उपसायला बसले.

पिवळं आलं. दिवसाढवळ्या, जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कुणी नसताना. चाचणीच्या अख्ख्या पांढऱ्या तबकात शंभरेक इवले खळगे असतात, त्यांतल्या एका खळग्यातलं पाणी पिवळं झालेलं. मी ओरडले नाही. मी उभी राहिले आणि त्या खळग्याला मराठीत एक शिवी दिली. ती इथे लिहीत नाही. ती प्रेमाची होती.

विभागप्रमुखांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, बराच वेळ बघितलं. "दोबारा कीजिए," म्हणाले. बरोबरच होतं. दोबारा केलं, पिवळं. गठ्ठा फोडत फोडत एकाच जनुकापर्यंत आले, तेव्हाही पिवळं. परदेशी ताटलीत तेच जनुक घातलं तर पाणी. पुढे बाहेरच्या तज्ज्ञांची बैठक झाली तेव्हा हेच काम सांगताना ते मोठ्या अभिमानाने म्हणाले की आमची पहिल्यापासून जिद्द होती. 'आमची' म्हणाले. मी समोसा खात होते, ठसका लागला.

जनुक नवं नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जगाला ते माहीत होतं. ते सगळ्यांच्याच पेशीत असतं, पण प्रौढ शरीरात जागं असतं ते फक्त पुरुषाच्या वृषणात. बाकी सगळीकडे गाढ झोपलेलं. कर्करोग त्याला भलत्या ठिकाणी उठवतो. म्हणजे मलिहाबादच्या एका गृहिणीच्या टाचेत हे जनुक जागं होऊन बसलं होतं, आणि तिच्या रक्ताने त्याला पकडलं होतं. विभागप्रमुख बैठकीत 'वृषण' हा शब्द टाळायला इतकी वळणं घेत होते की शेवटी बाहेरच्या एका वयस्क बाईंनीच तो मोठ्याने उच्चारला आणि सगळ्यांची सुटका केली. नवं काय होतं, तर तिच्या ताटलीत बसणारा त्या जनुकाचा तुकडा. तो कुणी पाहिला नव्हता, कारण त्या ताटलीत कुणी पाहायलाच गेलं नव्हतं.

आता माझा शब्द राहिला होता. संशोधनाचे निकाल असे जाऊन रुग्णाला सांगायचे नसतात. म्हणून मी सर्जन बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, तिचं फुप्फुसापर्यंत गेलंय. औषधं चालू आहेत, काही लागू पडलं नाही, आता एक नवं देऊन बघणार आहे, फार आशा दाखवू नका. मग म्हणाल्या की तिने माझ्यासमोर विचारलं होतं, मी साक्षीदार आहे. मी तिला फोन करून विचारते, तिला ऐकायचं असेल तर तुम्ही जा. फोन झाला. ऐकायचं होतं, आणि घरी येऊनच सांगा असा निरोप होता. 'घरी' या शब्दावर तिने जोर दिला असं सर्जन बाई म्हणाल्या, आम्ही दोघींनी त्याचा अर्थ लावला की तिला आता प्रवास झेपत नसेल.

मलिहाबादचा रस्ता ऐन हंगामात म्हणजे आंब्याच्या गाड्यांची रांग. बागेत पेट्या भरणं चालू होतं, वर्तमानपत्राच्या घड्या, गवत, फळांचा वास. व्हरांड्यात तख्तावर त्या बसल्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या. पायाला टाच नव्हती, तो भाग पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. डोळे मात्र तेच. नवरा खुर्ची घेऊन आला, सरबत आलं, दोन जावा दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं बाईंना एकटीला सांगावं, पण त्यांनीच कुणाला हलू दिलं नाही. उलट बागेतून धाकट्या दिरालाही बोलावून घेतलं.

मी सांगितलं. ताटलीचं सांगितलं, आमची चूक सांगितली, आणि मग म्हटलं, "आपके खून ने पहचाना था। शुरू से पहचान रहा था। ग़लती हमारे देखने में थी।"

"फिर से कहिए," त्या म्हणाल्या. "ज़रा ज़ोर से।"

मी परत सांगितलं, वर्गात शिकवताना लावते तो आवाज लावून. नवऱ्याने घसा खाकरून विचारलं की मग आता ही बरी होईल का. मी खोटं बोलले नाही. ओळखणाऱ्या पेशी थोड्या होत्या, गाठ भराभर वाढली, आणि पुढे पुढे गाठीने आपल्या ताटल्याच काढून घेतल्या असाव्यात, तसं गाठी करतात. पुढचं औषध काय करेल ते डॉक्टर सांगतील, मी नाही सांगू शकत. ते मान हलवत म्हणाले की मग ओळखून फायदा काय झाला?

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं आणि ते सभ्य नव्हतं. पण बाईंनी हात वर केला, मला थांबवायला. त्या त्यांच्याकडे वळल्या. आवाज बारीक होता, पण शब्द एक एक करून ठेवल्यासारखे. म्हणाल्या, "हमने आपको एड़ी दिखाई थी। यहीं, इसी तख़्त पर। पिछली से पिछली फ़सल में। कहा था, यह चेप नहीं है, हमें अस्पताल ले चलिए। आपने क्या कहा था?"

दारातल्या एका जावेने पदर तोंडाला लावला. ते आपल्या हातांकडे बघत राहिले, काळ्या डागांनी भरलेले मोठे हात. मग इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं. "कहा था कि चेप है," ते म्हणाले. "कहा था, फ़सल के टाइम नख़रे मत करो।"

त्या माणसाला उठूनही जाता येईना. मला त्याची दया आली नाही, येईल असं वाटलं होतं. मी बाईंकडे बघत होते. इस्पितळात खाली मान घालून पदर सारखा करणारी ती बाई माझ्या डोळ्यांसमोर होती. सगळं माहीत असून तिने त्या दिवशी एक अक्षर काढलं नव्हतं. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंत?

एवढी शिकलेली असून मला काहीच कळत नाही, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हमने तो पहले रोज़ ही पहचान लिया था, मैडम जी," त्या म्हणाल्या. "हमारी किसने मानी? इसीलिए खून से कहलवाया।"